हबमधली रिंग काढून जीप विकणाऱ्यास खुलं पत्र



तुमचं नाव मला माहीत नाही, गावही माहीत नाही. पण तुमचा हात मी ओळखला आहे. डाव्या पुढच्या चाकाच्या हबवरच्या बोल्टांच्या कडा पक्कडीने खाल्लेल्या आहेत. मापाचा पाना शोधायचा तुम्हाला कंटाळा आहे. झाकणाखाली ओ-रिंग नाही, तिच्या जागी सिलिकॉनचा जाड थर थापलेला आहे. शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप गायब आहे. आणि हबच्या पोटात जे असायला हवं, ती सरकणारी दातेरी रिंग आणि तिला ढकलणारी स्प्रिंग, तेही नाही. त्या पोकळीत मूठभर ग्रीस कोंबलेलं आहे. वरचा खटका तेवढा शाबूत. ‘फ्री’वरून ‘लॉक’वर नीट फिरतो, कट् असा आवाज देतो, आणि आत काहीही घडत नाही.

झाकणाला तुम्ही चंदेरी रंग मारला होता. तो अजून उतरलेला नाही. रंगकाम तुम्हाला जमतं. तेच करत राहिला असतात तर शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवर फार बरं झालं असतं. यंत्राला हात लावायची गरज नव्हती.

मी जीपची कामं करतो. हे पत्र खुलं लिहितोय, कारण तुमचा धंदा एकाच गोष्टीवर चालतो: घेणाऱ्याला हबच्या आत काय असतं ते माहीत नसतं. तेव्हा ते सगळ्यांनाच सांगून टाकतो.

जुन्या जीपमध्ये इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. मागच्या प्रॉपेलर शाफ्टला ती कायम मिळते. फोर बाय फोरचा दांडा टाकला की पुढच्या शाफ्टलाही मिळते. पुढचा शाफ्ट पुढचं डिफरन्शियल फिरवतो, डिफरन्शियल दोन्ही बाजूंचे एक्सल शाफ्ट फिरवतं, आणि एक्सल शाफ्ट स्पिंडलच्या पोकळीतून बाहेर येऊन चाकाच्या तोंडाशी थांबतो. चाक तर स्पिंडलवरच्या बेअरिंगवर बसलेलं असतं, शाफ्टशी त्याचा थेट संबंध नसतो. तो संबंध जोडणारा हब. त्यातली रिंग पुढे सरकली की शाफ्ट आणि चाक एक होऊन फिरतात, मागे ओढली की चाक वेगळं आणि शाफ्ट वेगळा. म्हणजे इंजिनापासून निघालेला सगळा जोर शेवटी तळहातात मावणाऱ्या त्या एका रिंगेपाशी येतो. तीच तुम्ही काढून घेतलीत.

काढलीत तीही एकाच बाजूची. उजव्या हबला तुम्ही हात लावलेला नाही. निदान एक चाक तरी ओढेल असं तुम्हाला वाटलं असेल, तर डिफरन्शियल काय करतं हे न कळताच तुम्ही पाना उचललात. जिकडे अडथळा नाही तिकडे जोर निसटतो. डावा शाफ्ट चाकाला जोडलेलाच नाही, त्याला अडवणारं काही नाही. मग तो आतल्या आत गरागरा फिरतो आणि उजवं चाक, त्याचा हब धडधाकट असूनही, जागचं हलत नाही. एका बाजूचा हब गेला की दोन्ही पुढची चाकं गेली. आणि हे कळत असताना केलं असेल, तर तुम्ही त्या शेतकऱ्याला अख्खा पुढचा एक्सल खोटा विकलात.

का काढली असेल तेही सांगतो. हबमधून चढाला टक्-टक् आवाज येत असणार. दाते झिजून गोल झाले की ते जोराखाली एकमेकांवरून उडी मारतात, त्याचा तो आवाज. आवाज येणारी गाडी गिऱ्हाईक घेत नाही. नवी रिंग टाकायची तर पैसे लागतात, पुण्याच्या नाना पेठेपर्यंत पार्टची चौकशी करावी लागते, दोन दिवस गाडी उभी ठेवावी लागते. रिंगच काढून टाकली की आवाज त्याच क्षणी बंद. तुम्ही दोष काढला नाही, दोषाची ओरड बंद केलीत. तापलेल्या माणसाचा ताप न उतरवता थर्मामीटर फोडणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू, तेच मी तुम्हाला म्हणतो.

आता तुम्ही गाडी दाखवलीत कशी ते मालकाकडून ऐकलंय. महिंद्राची एमएम ५४० डीपी, प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन, २११२ सीसी. इंजिन खरोखर चांगलं आहे, चासीला गंज नाही, कागदपत्रं चोख, फॉर्म २९ आणि ३० सह्यांसकट तयार. डांबरी रस्त्यावर तुम्ही दांडा टाकलात, ट्रान्सफरचा बदललेला आवाज त्याला ऐकवलात, ‘ऐका भाऊ, चारही चाकं लागली’ असं म्हणालात आणि एका दमात गाडी वळवून दाखवलीत.

त्या वळणावरच तुमचं बिंग फुटायला हवं होतं. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या घेरातून जातात. या जीपच्या ट्रान्सफरमध्ये तो फरक सोसणारं मधलं डिफरन्शियल नाही. त्यामुळे पुढची-मागची चाकं खरोखर एकत्र जोडलेली असतील, तर कडक जमिनीवर वळताना स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात, गाडी धक्के देत अडखळते, आणि वळण संपल्यावर दांडासुद्धा सहज सुटत नाही. म्हणून तर फोर बाय फोर टाकून डांबरावर गाडी चालवायची नसते. दांडा टाकलेला असताना कडक जमिनीवर जीप लोण्यासारखी वळली, याचा एकच अर्थ: पुढची चाकं जोडलेलीच नाहीत. तुम्ही त्या माणसाला पुरावा दाखवलात आणि तो गाडीच्या बाजूचा पुरावा आहे असं पटवलंत.

जुनी जीप घेणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. मुरमाच्या घट्ट जमिनीवर, दोन्ही हब लॉक करून, दांडा टाकून, अगदी हळू, चार पावलं गाडी पूर्ण वळवून पाहावी. ती अडखळली तर समाधान मानावं आणि लगेच थांबावं, जबरदस्ती करू नये. सहज वळली तर पैसे खिशातच ठेवावेत.

तुम्ही हे कोणत्या मुलखात विकलंत तेही ऐका. आमचा तालुका बालाघाटाच्या डोंगरांतून उतरणाऱ्या सिंदफणेच्या काठचा. नदी पाटोद्याकडच्या डोंगरात उगम पावते, आमच्या गावावरून पुढे माजलगावच्या धरणात अडते आणि मंजरथला गोदावरीला मिळते. वर मुरमाड माळ, खाली काळी जमीन. वर्षातले आठ-नऊ महिने इथे कोणत्याही गाडीचं काम दोन चाकांवर निभतं. धूळ खात, दगड चुकवत ती जाते. म्हणूनच रिकामा हब इथे महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. ब्रेक गेले तर पहिल्या उतारावर कळतं, क्लच गेला तर पहिल्या चढावर. हब मात्र ज्या दिवशी त्याच्याशिवाय काहीच चालणार नाही, त्याच दिवशी खोटा ठरतो. आणि तो दिवस भाद्रपदातला असतो: पांदणीत चिखलाचा राडा झालेला असतो, ओढ्याच्या दोन्ही अंगाला काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते, आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतं.

सरकारने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, काही पांदणींवर मुरूम पडलाही. पण वस्त्या विखुरलेल्या आहेत, आणि शेवटची वस्ती शेवटचीच राहते. त्यात हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा झाला की तरणीताठी माणसं कोयते घेऊन कारखान्यांवर जातात. मागे म्हातारी माणसं आणि लहान पोरं राहतात. परतीचा पाऊस लांबला तर अशा वस्तीवर धक्का मारायलासुद्धा चार हात सापडत नाहीत. तिथे एक खरी चारचाकी ताकदीची जीप असणं म्हणजे काय, हे तुम्हाला बाजारातल्या भावावरून कळणार नाही.

तुमच्या गिऱ्हाइकाने ती जीप दोन म्हशी विकून घेतली. वस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीला घालणं हे त्याचं काम. पावसाळ्यात मोटारसायकल कॅनसकट घसरते म्हणून जीप. पण अशा माणसाची जीप एकट्याची कधीच राहत नाही. कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर रात्री-अपरात्री त्याच्याच दारात हाक येते. तशी ती सप्टेंबरात आली. शेजारच्या वस्तीवर गवत कापताना एका माणसाला साप चावला. बीडच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचं होतं. ओढ्याच्या चढावर मागची चाकं रुतायला लागली तेव्हा मालकाने खाली उतरून दोन्ही हब लॉकवर केले, लो गिअर टाकला, दांडा टाकला आणि क्लच सोडला. मागची चाकं चिखल उडवत राहिली. पुढची चाकं उभीच होती. बॅटरीच्या उजेडात त्याने ती उभी असलेली पाहिली, आणि त्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, म्हणून तो पुन्हा पुन्हा खटका फिरवत राहिला.

ट्रॅक्टर मिळाला. माणूस वाचला. ट्रॅक्टर येईपर्यंतचा वेळ त्या माणसाच्या बायकोने जीपच्या मागच्या बाकावर कसा काढला असेल, याचा विचार तुम्ही करावा अशी माझी अपेक्षा आहे. रिंग काढताना तुमच्या डोळ्यांसमोर गाडीची किंमत होती. ती बाई नव्हती. आता असू द्या.

नंतर त्याला कुणीतरी सांगितलं की ट्रान्सफर केस गेली, उतरवावी लागेल. हा सल्ला फार गाड्यांना मिळतो आणि फार पैसा खातो. पुढची चाकं ओढत नाहीत म्हटलं की लोक मोठ्या, जड, खर्चीक भागाकडे बोट दाखवतात. मी उलट टोकापासून सुरू करतो. चाकापासून आत जायचं, इंजिनापासून बाहेर यायचं नाही. हब उघडायला बोल्ट काढावे लागतात; ट्रान्सफर उतरवायला गाडी उघडी पाडावी लागते.

तपासायची रीत अवघड नाही. मागच्या चाकांना पुढून-मागून गुटके लावायचे, गाडी न्यूट्रलमध्ये, दांडा टू-व्हीलवर, आणि एकेक पुढचं चाक जॅकवर उचलायचं. जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही; स्टँड नसेल तर भक्कम लाकडी ठोकळे रचायचे. हब फ्रीवर ठेवून चाक हाताने फिरवलं की ते एकटंच, आवाज न करता फिरलं पाहिजे. लॉक केलं की चाकाबरोबर एक्सल शाफ्टही फिरला पाहिजे. आतल्या बाजूने नकलच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या, सांध्यापाशी किंवा पुढच्या प्रॉपेलर शाफ्टकडे पाहिलं की ते दिसतं. एखाद्या हबचा दुसऱ्याशी घोळ होऊ नये म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या पाहायच्या. तुमच्या या गाडीचं डावं चाक लॉकवरसुद्धा मोकळं फिरलं आणि शाफ्ट ढिम्म. तिथेच निकाल लागला.

पुढची पायरी दोन्ही हब लॉक करून, दांडा टाकून, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये ठेवून करायची. तेव्हा उचललेलं चाक थोडी चाल सोडली तर फिरता कामा नये. ते फिरत असेल तर घाईने त्याच हबला दोष देऊ नये. चाकाबरोबर शाफ्ट फिरतोय का पाहायचं: फिरत असेल तर या बाजूचा हब धरतोय आणि सुटलेला बहुधा पलीकडचा आहे, कारण जोर डिफरन्शियलमधून तिकडे पळतोय. दोन्ही हब धरतात आणि तरी चाक फिरतं, असं झालं तरच ट्रान्सफरकडे, डिफरन्शियलच्या क्राऊनकडे वळायचं. जॅक नसेल तर पुढच्या प्रॉपेलर शाफ्टवर खडूने रेघ ओढायची, हब लॉक, दांडा टू-व्हीलवर, आणि एकाने गाडी सरळ हळू न्यायची, दुसऱ्याने बाजूने चालत खाली पाहायचं. लॉक असताना रेघ फिरली पाहिजे; फ्रीवर ती जवळपास जागच्या जागी राहिली पाहिजे. खडू शाळेतल्या पोराकडेही असतो.

तुम्ही कोंबलेल्या ग्रीसबद्दल वेगळं बोलावं लागेल, कारण यात तुमच्यासारखे लबाडच नव्हे, भले मिस्त्रीही चुकतात. चाकाच्या बेअरिंगला ग्रीस भरपूर लागतं. हबच्या कुलपाला ते नुसतं पुसल्यासारखं लागतं, पातळ थर, एवढंच. जास्त भरलं की थंडीत ते घट्ट होतं, रिंग त्यात रुतते, स्प्रिंगला ती ढकलवत नाही, आणि हब अर्धवट लागतो. अर्धवट लागलेला हब न लागलेल्यापेक्षा वाईट, कारण दात्यांच्या टोकांवर सगळा भार येतो आणि ती टोकं झिजतात. त्यात ओ-रिंग नसली की ओढ्याचं पाणी आत शिरतं, ग्रीस दुधासारखं पांढरं होतं आणि मग गंज. तुमच्या हबमधून निघालेलं ग्रीस तसंच होतं. स्पिंडलवरचं बाहेरचं बेअरिंगही त्या पाण्याने खाल्लं होतं. म्हणजे रिंगेबरोबर तुम्ही बेअरिंगही घालवलंत, त्याची तुम्हाला खबरही नसेल.

काम कसं केलं ते लिहितो. तुमच्या उपयोगाचं नसेल, इतरांच्या असेल. दोन्ही हब खोलले, उजवाही, कारण एकाची दुरुस्ती करून दुसरा न बघता सोडणं म्हणजे पुन्हा त्याच चढावर थांबणं. सगळं डिझेलने धुतलं, वाऱ्याने सुकवलं. उजव्या रिंगेचे दाते नखाने तपासले: कडा धारदार असतील तर चालतं, गोल झाल्या असतील तर रिंग बाद, तिला कानस मारून धार आणायचा उद्योग करू नये. स्पिंडलच्या आतला बुश पाहिला. हा भाग सगळे विसरतात. तो झिजला की शाफ्टचं टोक खाली लोंबतं, रिंग तिरकी बसते आणि नवा हबसुद्धा पुन्हा दाते खातो. ज्यांचे हब वारंवार जातात त्यांनी हबला शिव्या देण्याआधी बुश बघावा आणि चाकाची चाल बघावी. दोन्ही बेअरिंगं नवी टाकली. आतला नट चाक फिरवत घट्ट करून मग किंचित सैल केला, मधलं वॉशर बसवलं, बाहेरचा नट आवळून वॉशरची कड दुमडली. चाक हाताने वर-खाली हलवलं तर खडखड नको, फिरवलं तर जड नको. मग रिंग, स्प्रिंग, सर्क्लिप. शाफ्टच्या टोकाला आटे असतात, त्यात बोल्ट घालून शाफ्ट बाहेर ओढून धरला की सर्क्लिप खाचेत नीट बसते. स्क्रू-ड्रायव्हरने ढोसून बसवलेली सर्क्लिप पहिल्या खड्ड्यात उडते. नवं पॅकिंग, नवी ओ-रिंग, नवे बोल्ट, सारखे आवळलेले. थोडी गाडी चालवून बोल्ट पुन्हा एकदा तपासले. सैल राहिलेले बोल्ट जोराखाली तुटतात आणि भोकं लांबट करतात, मग हबच नव्हे, चाकाचा मधला भागही जातो.

खटका कधीही पक्कडीने फिरवू नये, हेही इथेच सांगतो. हाताने फिरत नसेल तर दाते समोरासमोर आलेले आहेत. गाडी वीतभर पुढे-मागे घेतली की ते जुळतात. जिथे पक्कड लावावी लागते तिथे आत काहीतरी अडलेलं असतं आणि पक्कड ते तोडते. नंतरच्या काळात हब स्वतः लागणारे आले, काही थोडं रिव्हर्स घेतल्यावर सुटणारे, काही इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारे. त्यांत रिंगेआधी नळी बघावी. नकलपाशी नळी चिरली किंवा सील गेलं की व्हॅक्यूम पोचत नाही आणि चांगला हब मुका बसतो.

तुमच्या बाजूने एक मुद्दा मांडता आला असता. मीच मांडून बघितला. ‘पार्ट मिळत नव्हता, गिऱ्हाइकाला स्वस्त हवी होती.’ मान्य करायला मी तयार होतो, पण तुमच्या हाताशी एक सरळ उपाय होता. दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ विलीज जीपला असले मोकळे होणारे हब नव्हतेच. शाफ्ट आणि चाक एका साध्या फ्लँजने कायमचे जोडलेले असत. युद्ध संपलं, उरलेल्या जीपा लोकांनी शेतीवाडीला घेतल्या, त्या रस्त्यावरही धावू लागल्या. तेव्हा पुढचा सगळा सरंजाम विनाकारण फिरत राहू नये म्हणून अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात आर्थर वॉर्न या माणसाने १९४८ मध्ये जीपसाठी लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे १९४९ मध्ये माझगावला महिंद्राने विलीज जीप जोडायला घेतली, आणि पुढे कित्येक दशकं त्याच घराण्याच्या जीपा महाराष्ट्राच्या पंचायत समित्या, पाटबंधारे खातं, पोलीस ठाणी यांच्या दारात उभ्या राहिल्या. त्यातल्या अनेक साध्या फ्लँजवर आयुष्यभर चालल्या.

हब परवडत नसेल तर दोन्ही बाजूंना फ्लँज लावून द्यायची. डिझेल थोडं जास्त जाईल, पुढचे शाफ्ट कायम फिरतील, त्यांच्या सांध्यांतले क्रॉस थोडे लवकर झिजतील, हे गिऱ्हाइकाला सांगायचं. पण दांडा टाकला की पुढची चाकं ओढणारच. न फिरवता, न उतरता, न विचार करता. इतका स्वस्त, इतका प्रामाणिक मार्ग समोर असताना तुम्ही ग्रीस आणि चंदेरी रंग निवडलात. त्यामुळे गरिबीचं, टंचाईचं, नाइलाजाचं कोणतंही कारण मी ऐकून घेणार नाही.

कायद्याने तुम्हाला कोण पकडणार, हेही तुम्हाला ठाऊक असणार. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची पुन्हा नोंदणी करताना दिवे, ब्रेक, धूर, चासी नंबर बघतात. हब उघडून पाहायला कुणी बसलेलं नाही. शेजारच्या अहिल्यानगरला लष्करी वाहनांची संशोधन संस्था आहे, व्हीआरडीई; तिथे गाड्यांना कठीण जमिनीच्या ट्रॅकवर घालून मग त्यांच्याबद्दल मत देतात. शेतकऱ्याच्या गाडीला तसा ट्रॅक नाही. त्याचा ट्रॅक म्हणजे ओढा, आणि त्याची परीक्षा आत माणूस बसलेला असताना होते.

म्हणून या भागातल्या जीपवाल्या भावांना सांगतो, तुमच्या साक्षीने. हब लॉक ठेवून दांडा टू-व्हीलवर असेल तर डांबरावर बिनधास्त चालवा, काहीही मोडत नाही. अनेकजण उगीच घाबरतात. मोडतं ते दांडा टाकून कडक रस्त्यावर चालवल्याने. तेव्हा मृग लागला की दोन्ही हब लॉक करून टाका आणि दिवाळीपर्यंत तसेच राहू द्या. गुडघाभर चिखलात उतरून खटका शोधायची वेळच येऊ देऊ नका. उरलेल्या दिवसांत महिन्यातून एकदा लॉक करून दोन-चार मैल चालवा, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलचं तेल सगळ्या दात्यांना लागतं आणि रिंग जागेवर चिकटत नाही. आणि जुनी जीप विकत घेताना दोन्ही हबची झाकणं समोर उघडून दाखवायला सांगा. बोल्ट काढायला विक्रेत्याने कुरकूर केली तर तिथून निघा.

आता तुमच्याकडे माझी मागणी. पैसे मागत नाही. रिंग आणि बेअरिंगचा खर्च मालकाने दिला, मी मजुरी घेतली नाही, तो आमचा आमच्यात मिटला. मला यादी हवी आहे. ज्या सफाईने तुम्ही तो हब रिकामा केला, ग्रीस भरलं आणि रंगवला, ती सफाई पहिल्या गाडीवर येत नाही. याआधीही केलंय तुम्ही हे. त्या जीपा आज कुठेतरी उभ्या आहेत, पाटोद्यात, आष्टीत, पाथर्डीकडे, आणि त्यांचे मालक खटका लॉकवर करून निर्धास्त आहेत. त्यांना पुढच्या पावसाच्या आधी कळायला हवं. साधं पोस्टकार्ड घ्या. नाव लिहू नका, सही करू नका, कारण लिहू नका. शिरूर कासारच्या कोणत्याही जीप गॅरेजच्या पत्त्यावर टाका, ते माझ्यापर्यंत पोचेल. गाड्यांचे नंबर तेवढे लिहा, एमएच २३ असोत, एमएच १६ असोत, जुन्या नंबरपट्टीचे असोत, आणि प्रत्येकापुढे डावा की उजवा.

— शिरूर कासारचा एक जीप मिस्त्री